लहान मुलांना भावनांची विशेषणं शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीन ते सहा वयाच्या मुलांबरोबर बालवाडीत माझी बावीस वर्षं गेली. पालकसभेत, शाळा सुटल्यावर फाटकापाशी आणि हल्ली रात्री साडेनऊला फोनवर, भावनांच्या शब्दांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मराठी बोलणाऱ्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. भावना सांगायची मराठीची स्वतःची रीत आहे, आणि बाहेरून आणलेले तक्ते तिथेच कमी पडतात.

मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. 'आनंदी', 'दुःखी' हे शब्द शिकवायला सुरुवात कशी करू?

'दुःखी'पासून करू नका. तो मोठ्या माणसांचा, जड शब्द आहे. हातातली कुल्फी पडली म्हणून साडेतीन वर्षांचं पोर दुःखी होत नाही. त्याला वाईट वाटतं, ते हिरमुसतं, त्याचं तोंड एवढंसं होतं. दुकानात मिळणाऱ्या तक्त्यांवर गोल पिवळे चेहरे आणि खाली 'आनंदी, दुःखी, क्रोधित, आश्चर्यचकित' असं छापलेलं असतं. 'आश्चर्यचकित' म्हणता म्हणता मुलाची जीभच अडखळते आणि आश्चर्य बाजूला राहतं.

सुरुवात शब्दापासून न करता वाक्यापासून करा. राग येतो, भीती वाटते, आनंद होतो, कंटाळा येतो, लाज वाटते, आठवण येते, चुटपुट लागते. येणं, वाटणं, होणं, लागणं ही चार क्रियापदं हाताशी असली की मुलाला जवळजवळ काहीही सांगता येतं. या वाक्यांत मूल 'मी' म्हणत नाही, 'मला' म्हणतं. 'मला राग आला' यात राग कुठून तरी आलेला आहे, आणि जे येतं ते जातंही. हे मुलाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही, ते वाक्यातच आहे.

मग विशेषणं कधी शिकवायची?

ही वाक्यं तोंडात बसली की विशेषणं आपोआप येतात. रागावला, की रागावलेला. घाबरली, की घाबरलेली. रुसलं, की रुसलेलं. चार वर्षांच्या मुलाला चित्रातलं छपराखाली बसलेलं मांजर दाखवून 'कसं आहे गं ते?' असं विचारलं, की उत्तर येतं, 'घाबरलेलं'. झालं की विशेषण! त्याला 'विशेषण' हा शब्द माहीत असायची काही गरज नाही. तो व्याकरणाच्या तासाला पुढे भेटेलच.

'रागीट' आणि 'रागावलेला' यांत एवढा काय फरक आहे? दोन्ही विशेषणंच ना?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

मराठीत भावनांची विशेषणं दोन जातींची आहेत. एक जात आत्ताची अवस्था सांगते: रागावलेला, घाबरलेला, लाजलेली, रडवेली, रुसलेलं, चिडलेलं. दुसरी जात स्वभाव सांगते: रागीट, भित्रा, लाजाळू, बुजरी, रडका, चिडखोर, भांडखोर. पहिली जात मुलाच्या आत्ताच्या पाच मिनिटांबद्दल बोलते. दुसरी त्याच्या अख्ख्या जन्माबद्दल बोलते. 'तो घाबरलेला आहे' म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, कशाला घाबरला? 'तो भित्रा आहे' म्हटलं की प्रश्नच संपतो.

आमच्या वर्गात एक मुलगी होती, चार वर्षांची. जूनमध्ये आली तेव्हा आईनं पहिल्याच दिवशी सांगितलं, 'ताई, ही फार लाजाळू आहे.' मुलगी शेजारीच उभी होती. पुढे दोन महिने तिला काहीही विचारलं की ती शांतपणे म्हणायची, 'मी लाजाळू आहे ना.' बाकी मुलांना वाटायचं, तिचं आडनावच ते. ऑगस्टमध्ये मी तिला नुसतं एवढं म्हणायला लागले, 'आज लाज वाटतेय का? बरं. वाटायची थांबली की ये.' दहा-बारा दिवसांनी ती सतरंजीच्या कडेवरून उठून माझ्या मांडीपाशी आली आणि कानात म्हणाली, 'आता थोडीच वाटतेय.' लाजाळूपणा 'थोडा' होत नाही; लाज थोडी होऊ शकते. तिनं स्वतः ते मोजलं होतं.

म्हणून नियम एकच ठेवा. मुलाबद्दल बोलताना '-लेला, -लेली, -लेलं' वापरा. रागीट, भित्रा, रडका हे शब्द गोष्टीतल्या वाघा-सशांसाठी ठेवा. शब्द वाईट नाहीत, मुलाला माहीत असायलाच हवेत; फक्त ते त्याच्या कपाळावर चिकटवू नका.

घरात आजी 'रडूबाई', 'भित्री भागूबाई' म्हणते. प्रेमानंच म्हणते. तिला थांबवायचं कसं?

तिला थांबवू नका, तिच्याकडून शब्द घ्या. माझ्या अनुभवात भावनांचे सगळ्यांत नेमके शब्द आज्यांकडेच आहेत. खट्टू, फुरंगटलेली, कावराबावरा, भेदरलेलं, ओशाळलेला, केविलवाणा, हिरमुसलेली. एकेका शब्दात एकेक चेहरा आहे. 'फुरंगटून बसली' म्हटलं की फुगलेले गाल आणि भिंतीकडे वळवलेली पाठ दोन्ही दिसतात. आजीला म्हणा, 'आई, तुम्ही मघाशी फुरंगटली म्हणालात ना, तो शब्द तिला पुन्हा सांगा बरं.' सांगायला काम मिळालं की 'रडूबाई' आपोआप मागे पडतं. अगदीच नाही पडलं, तर मुलीला हळूच सांगा, 'आजी गमतीत म्हणते. तुला मघाशी रडू आलं होतं, आता थांबलंय.'

मुलगा 'मी घाबरलेली आहे' म्हणतो. लिंग चुकतं. दुरुस्त करू का?

दिवसभर आईचं ऐकणारी मुलं आईसारखं बोलतात. तुमच्या पुढच्या वाक्यात बरोबर रूप आलं की पुरे: 'हो का, घाबरलेला आहेस? कशाला घाबरलास?' भावना सांगणाऱ्या मुलाला व्याकरणासाठी अडवलं तर पुढच्या वेळी ते सांगणारच नाही. खूश, उदास, आनंदी हे शब्द बदलत नाहीत, खूश मुलगा आणि खूश मुलगी. त्यामुळे सुरुवातीला ते सोपे जातात. आणि कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांत मुली-बायका सर्रास 'मी आलो, मी बसलो' म्हणतात. तिकडच्या मुलीनं 'मी घाबरलो' म्हटलं तर ती चूक नाहीच.

कोणत्या वयात किती शब्द यायला हवेत?

आकडा धरून बसू नका. लहान मुलाला आधी दोनच ढीग कळतात: बरं वाटतंय आणि बरं वाटत नाहीये. मग दुसऱ्या ढिगातून राग, भीती आणि वाईट वाटणं हळूहळू वेगळं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मुलं एखाद-दुसरा शब्द वापरू लागतात. चौथ्या-पाचव्या वर्षी कंटाळा, लाज, आठवण, मजा, रुसणं हे सहज येतं. हेवा, ओशाळणं, अभिमान यांत 'दुसऱ्याच्या नजरेत मी' असा हिशेब असतो, म्हणून ते उशिरा येतात. दहा शब्द पाठ असण्यापेक्षा चार शब्द योग्य वेळी तोंडून निघाले तर मला जास्त समाधान वाटतं.

राग म्हणजे राग. त्याच्या छटा कशा शिकवू?

आमच्याकडे कुकर असतो. चित्रातला नाही, खराच, जुना तीन लिटरचा, भातुकलीच्या कोपऱ्यात. घरोघरच्या मुलांना शिट्ट्यांचा हिशेब पाठ असतो: भाताला तीन, डाळीला चार. तेच रागाला लावलं. एक शिट्टी म्हणजे वैतागलोय. दोन म्हणजे चिडलोय. तीन म्हणजे खूप रागावलोय. चार म्हणजे संतापलोय. मूल आलं की मी विचारते, 'किती शिट्ट्या?' आणि ते बोटं दाखवतं.

गेल्या वर्षी एका मुलाच्या डब्याचं झाकण दुसऱ्यानं लपवलं. तो लाल होऊन आला, मुठी आवळलेल्या, दोन्ही हातांची मिळून सात बोटं वर. मी म्हटलं, 'सात! मग तर भात करपला असेल.' तो थांबला, विचार केला, तीन बोटं खाली घेतली. चार उरली. मग आम्ही गॅस बारीक करायचं ठरवलं: पाणी प्यायलो, खिडकीशी उभे राहिलो, पुन्हा मोजलं. दोन. 'चिडलोय' असं तो स्वतः म्हणाला आणि मग झाकण मागायला गेला. कुकरमुळे मुलांना आणखी एक गोष्ट बोलून दाखवता येते, की झाकण लगेच उघडायचं नाही, आधी वाफ जाऊ द्यायची.

भीतीला आम्ही असंच केलं: बावरले, घाबरले, भेदरले. तिथे शिट्ट्या लावल्या नाहीत. भीती आवाज करत नाही. तिथे आम्ही बसायची जागा वापरतो. बावरलेलं मूल ताईच्या शेजारी बसतं, घाबरलेलं पदर धरतं, भेदरलेलं मांडीवर.

मूल सारखं 'पोटात दुखतंय' म्हणतं. डॉक्टर म्हणतात काही नाही.

डॉक्टरांनी तपासलं हे चांगलं केलं. ते आधी व्हायलाच हवं. त्यानंतर एक लक्षात घ्या. मोठ्यांची मराठीसुद्धा भावना अंगानंच सांगते. पोटात गोळा येतो, छातीत धडधडतं, अंगावर काटा येतो, आवंढा गिळतो, कान गरम होतात, हातपाय गळतात. मुलाला 'भीती' हा शब्द सापडला नाही तर ते पोट दाखवतं, आणि त्याच्या दृष्टीनं ते खरंच सांगत असतं. 'कुठे दुखतंय?' याच्यापाठोपाठ 'तिथे गोळा आल्यासारखं वाटतं का? कधी कधी येतो तो गोळा?' असं विचारून बघा. एकदा उत्तर मिळालं होतं, 'रिक्षावाले काका ओरडतात तेव्हा.' ते शोधून काढायला आम्हाला तीन आठवडे लागले होते. शब्द असता तर पहिल्याच सोमवारी कळलं असतं. मूल एखाद्या माणसाची किंवा जागेची भीती पुन्हा पुन्हा सांगत असेल तर ते हसण्यावारी नेऊ नका. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी देशभर चालते आणि तिथे मोठ्यांनाही फोन करता येतो.

घरी बोलीभाषा आहे. भावनांचे शब्द प्रमाण मराठीतच शिकवायचे का?

नाही. मालवणी मुलाला 'माका राग इलो' म्हणू द्या, खानदेशातल्याला 'माले राग उना', वऱ्हाडातल्याला 'मले राग आला'. तिन्हींत राग येतोच आहे, रचना तीच आहे. मूल रडत असताना जी भाषा तोंडात येते ती त्याची भावनांची भाषा. पुस्तकातला शब्द शेजारी आणून ठेवा, जागेवर नको.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबत आल्या, आणि पुढे कोसबाडला ते काम आदिवासी पाड्यांपर्यंत गेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, शिंपले, बिया, खडे हीच साधनं केली. मुलाच्या अंगणात जायचं तर त्याच्या बोलीतही जायला हवं, असं मला मनापासून वाटतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही निदान पाचवीपर्यंत शक्य तिथे घरची भाषा किंवा मातृभाषा हे माध्यम असावं असं म्हटलं आहे.

मुलगी इंग्रजी माध्यमात आहे. ती 'मी सॅड आहे' म्हणते. चालेल?

चालेल, पण तिथेच थांबू नका. 'सॅड' मध्ये खट्टू, उदास, हिरमुसलेली, रडवेली, आठवण आलेली असं सगळं एका पोत्यात भरलेलं असतं. 'सॅड म्हणजे आजीची आठवण आली तसं, की खेळायला घेतलं नाही तसं?' असं विचारा. मुलगी उत्तर देईल आणि मग योग्य शब्द तुम्ही द्या. परदेशात राहणाऱ्या आईबाबांनाही माझं हेच सांगणं असतं. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा आहेत, तिथे वाचन-लेखन होतं. पण रुसवा आणि हुरहुर घरीच शिकावी लागते. रोज झोपताना एक वाक्य पुरतं: 'आज मला … वाटलं.' आधी आईबाबांनी बोलायचं, मग मुलानं.

एकाच वेळी दोन भावना हे मुलांना कळतं का?

शब्दांत सांगता येणं उशिरा येतं. उलट्या भावना एकत्र असू शकतात हे प्राथमिक शाळेतली मुलंही पटकन मान्य करत नाहीत. अनुभव मात्र आधीपासून असतो. गणपती विसर्जनाला बघा. ढोल वाजतोय, हातात खिरापत आहे, मूल नाचतंय, आणि मूर्ती पाण्यात जाताच भोकाड पसरतं. मोठे म्हणतात, 'अरे, रडतोस काय, पुढच्या वर्षी येणार आहे बाप्पा!' त्यापेक्षा असं म्हणा: 'मजापण आली आणि वाईटपण वाटतंय, हो ना? मलाही.' हे 'पण… पण…' मुलं फार लवकर उचलतात.

मूल आक्रस्ताळेपणा करत असताना त्याला शब्द सांगावा का?

नाही. तेव्हा जवळ बसा, कमी बोला, त्याला लागणार नाही एवढं पाहा. शब्द नंतर. वीस मिनिटांनी दूध पिताना म्हणा, 'मघाशी खूप चिडला होतास.' भावनेला नाव दिल्यानं ती निवते याला आधार आहे: २००७ साली लॉस एंजेलिसमध्ये मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात, चित्रातल्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द देताना भीतीसारख्या भावनांशी जोडलेल्या, मेंदूतल्या अमिग्डाला या भागाचा प्रतिसाद कमी झालेला दिसला. पण ती मोठी माणसं होती आणि शांत बसलेली होती. जमिनीवर लोळणाऱ्या पोराला 'तू संतापलेला आहेस' असं ऐकवलं तर ते आणखी संतापतं. मी हे करून पाहिलं आहे, आणि तेव्हा त्या मुलावर अन्याय झाला असं आजही वाटतं.

मुलग्यांना हे सगळं कशाला? 'मुलीसारखा रडतोस काय' असं आमच्याकडे म्हणतात.

मुलग्यांना तर आधी हवं. मुलग्याला एकच भावना मोकळेपणानं परवडते, ती म्हणजे राग. त्यामुळे भीती, लाज, आठवण, सगळं रागाच्या दारातून बाहेर येतं. मारामारी करणाऱ्या एका मुलाला मी विचारलं, 'राग आला होता?' तो म्हणाला, 'नाही. मला एकटं वाटत होतं.' पाच वर्षांचा होता. बाबांनी घरी 'आज ऑफिसात मला जरा भीतीच वाटली' असं एकदा म्हटलं, तर आमच्या महिन्याभराच्या शिकवण्यापेक्षा जास्त काम होतं.

नवरस शिकवावेत का?

नावं नकोत. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात रस आठ, शांत हा नववा नंतर धरला गेला. ते नाटकाचं शास्त्र आहे, बालवाडीचं नाही. पण आरशासमोर हास्य, रौद्र, भयानक आणि अद्भुत यांचे चेहरे करून बघणं हा झकास खेळ आहे.

गोष्टींचा उपयोग कसा करू?

चिऊ-काऊची गोष्ट घ्या. कावळ्याचं शेणाचं घर वाहून गेलं आणि तो चिमणीच्या दारात उभा आहे. तिथेच थांबा. दार उघडण्याआधी विचारा: बाहेर कावळा कसा आहे? मुलं म्हणतील, भिजलेला. ती भावना नाही, पण घ्या. मग येईल, कुडकुडलेला. मग घाबरलेला. एकदा एक मुलगी म्हणाली, 'त्याला मागायची लाज वाटत असेल.' ओशाळलेला हा शब्द मी त्या दिवशी दिला, आणि तो वर्गात वर्षभर टिकला. मग आतल्या बाजूला जा: चिमणी कशी आहे? कामात गुंतलेली, की कावळ्यावर रुसलेली? याला बरोबर उत्तर नाही. भोपळ्यातल्या म्हातारीलाही असंच मध्ये थांबवता येतं: वाघानं भोपळा अडवला तेव्हा आत ती कशी होती, आणि तिचा आवाज कसा होता? आत भेदरलेली, आवाज ठणठणीत. आतलं आणि बाहेरचं वेगळं असू शकतं, हे मुलांना तिथे पहिल्यांदा उमगतं.

मूल अजून फारसं बोलतच नाही.

बोट दाखवू द्या. चार चेहरे पुठ्ठ्यावर काढून फ्रिजवर लावा, शब्द तुम्ही बोला. बोलणं वयाच्या मानानं खूपच मागे वाटत असेल तर ऐकू नीट येतंय ना ते तपासा आणि बालरोगतज्ज्ञांशी बोला. वाट पाहत बसू नका.

शब्द शिकवले आणि आता तो दिवसभर 'मला कंटाळा आलाय' म्हणतो!

नवा शब्द मिळाला की मूल तो सगळीकडे लावून बघतं, नवी चप्पल घरभर घालून फिरतं तसं. प्रत्येक वेळी कंटाळा घालवायची जबाबदारी तुमच्यावर नाही. 'आलाय का? किती मोठा?' एवढंच विचारा. आमच्याकडचा एक मुलगा दोन्ही हात पसरून दाखवायचा, मग हळूहळू हात जवळ आणायचा, आणि ते एकमेकांना लागेपर्यंत बहुतेक वेळा त्याला ठोकळे दिसलेले असायचे.